ऑटो-फोल्ड आरसे वॉरंटीनंतर: असेंब्ली बदलायच्या आधी दाराचं रबर बघा

लक्षण असं: माझ्या गाडीचा डावा आरसा (ऑटो-फोल्ड, म्हणजे बटणाने किंवा गाडी लॉक केल्यावर आपोआप मिटणारा) कधी मिटतो, कधी नाही, आणि न मिटण्याच्या दिवशी त्याची काचही वर-खाली होत नाही. सर्व्हिस सेंटरने मल्टीमीटरला हात न लावता निदान केलं, 'मोटर गेली, असेंब्ली (म्हणजे अख्खा आरसा) बदलावी लागेल.' अंदाजपत्रक पाच आकडी, रंगाचे पैसे वेगळे. मायलेज आणि सस्पेन्शनवर इतरांनी भरपूर लिहिलंय, त्यामुळे इथे फक्त आरसे.

मुळात एका आरशात एक मोटर नसते. काचेसाठी दोन, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे, आणि मिटण्यासाठी तिसरी. काचेच्या दोन मोटरींना मिळून साध्या रचनेत तीनच वायरी येतात, त्यातली एक सामाईक. फोल्ड मोटरला स्वतःच्या दोन. आता काच आणि फोल्ड एकाच दिवशी बंद पडून दुसऱ्या दिवशी एकत्रच चालू होत असतील, तर तिन्ही मोटरी ठरवून आजारी पडत नाहीत. दोष त्यांच्या आधी, वायरीत, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा स्विचमध्ये असतो. एवढा विचार अंदाजपत्रक छापण्याआधी व्हायला हवा होता.

दोन्ही आरसे एकदम मेले तर सगळ्यात आधी फ्यूज. काही गाड्यांत हा फ्यूज १२ व्होल्टच्या सॉकेटबरोबर सामाईक असतो. टायरमध्ये हवा भरायचा पंप त्या सॉकेटवर लावला, फ्यूज उडाला, आणि आरसे का बंद पडले म्हणून शोधाशोध सुरू होते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता वाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, मोठा नको. डावा-उजवा निवडायचा नॉब मध्ये राहिला असेल तरी काच हलत नाही, तेही बघून घ्या.

एकच आरसा बंद असेल तर खरी जागा म्हणजे दार आणि बिजागरांकडचा खांब यांच्यामधलं घडीचं रबर, ज्याच्या नळीतून वायरी जातात. दार उघडता-लावताना वायरी तिथेच वाकतात. आणि नेमकी मेख अशी की स्विच ड्रायव्हरच्या दारावर असेल, तर डाव्या आरशाच्या वायरी आधी उजव्या दाराच्या रबरातून गाडीत येतात आणि मग डाव्या दाराच्या रबरातून आरशापर्यंत जातात. दोष डाव्या आरशाचा, तुटलेली वायर उजव्या दारात! दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उघडतं ते उजवंच दार. तपासणी फुकट आहे: इग्निशन ऑन करा, एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने ड्रायव्हरचं दार सावकाश उघडायचं-लावायचं. माझ्या गाडीत दार अर्धं उघडलं की डावा आरसा हलायचा, पूर्ण लावलं की मेला. रबर खाली सरकवल्यावर आत वायरींचं आवरण चिरलेलं आणि तांबं हिरवं पडलेलं दिसलं.

मीटर लावायचा तर २० व्होल्ट डीसीवर. आरशाच्या कपलरवर सामाईक आणि वर-खालीची वायर यांच्यात 'वर' दाबल्यावर साधारण १२, 'खाली' दाबल्यावर उणे १२ यायला हवं. चिन्ह उलटत नसेल तर संशय स्विचवर. पण कपलर काढून मोजलं तर फसायला होतं. गंजलेल्या वायरीची एक तार शाबूत असली तरी मीटर १२ दाखवतो, मोटर लागली की तोच आकडा कोसळतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून मागून प्रोब (मीटरची टोकदार सुई) घाला आणि बटण दाबलेलं असताना वाचा. हल्लीच्या काही गाड्यांत स्विच मोटरला थेट करंट देत नाही, कंट्रोल युनिटला फक्त निरोप देतो. तिथे स्विचवर मोजून काही कळत नाही, आरशाच्या टोकाला मोजा.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. (नंतर काही गाड्यांत खिडकीच्या काचांचं ऑटो-अप, म्हणजे एका दाबात पूर्ण वर जाणं, पुन्हा शिकवावं लागतं.) तुटलेल्या जागीच डाग देऊन (सोल्डर करून) टेप गुंडाळू नका. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि वायर त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. बारीक तारांची लवचीक वायर घ्या, जाडी मूळ वायरीइतकीच, दोन्ही जोड घडीच्या बाहेर आणि एकमेकांपासून मागेपुढे, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी). सामानाचा खर्च किरकोळ. हे सर्व्हिस सेंटरच्या यादीत नसतं, कारण त्याला पार्ट नंबर नाही.

मोटर खरंच जाते तेव्हा कसं कळतं? आवाज येतो पण काच हलत नाही: मागची प्लेट क्लिपमधून सुटलीय किंवा गिअर झिजलाय. आवाजही नाही आणि कपलरवर व्होल्टेज व्यवस्थित आहे: मग मोटर. मिटताना 'कट-कट-कट' येत राहिलं तर घाबरू नका. स्कूटरचा धक्का लागला किंवा कोणी हाताने ढकललं की फोल्डचा गिअर खाचेतून निसटतो. बटणाने तीन-चार वेळा पूर्ण मिटवा-उघडा, बहुतेकदा मोठा 'खट' होऊन तो जागेवर बसतो.

या फीचरला आधी माझ्याकडून पाचपैकी पाच होते, अरुंद पार्किंगमुळे. आता साडेतीन. वायर दुरुस्त झाल्यावर आरसा उत्तम चालतोय, तेव्हा वजा केलेले गुण यंत्राचे नाहीत, सर्व्हिस सेंटरच्या निदानाचे आहेत. दर लॉकला आरसे मिटणं मात्र सेटिंगमधून बंद केलंय, गरज असेल तिथेच बटण. कोकणात किंवा धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर सांध्यात सिलिकॉन स्प्रे मारावा, साधं इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ चिकटून पेस्ट होते.

आणि असेंब्ली घ्यावीच लागली तर कपलरच्या पिना मोजून घ्या. फोल्ड, हीटर, इंडिकेटर, कॅमेरा यांप्रमाणे पिना बदलतात आणि बाहेरून सगळे आरसे सारखेच दिसतात. जुनं रंगीत कव्हर बहुतेक वेळा क्लिपवर निघतं, तेच नव्यावर बसवा, रंगाचे पैसे वाचतील. जुना भाग बिलाबरोबर परत मागा, त्यातली एखादी मोटर हमखास चालू निघते.