तीन बाटल्या, ५,५८० रुपये आणि मुळं नसलेला मॉन्स्टेरा

आधी हिशेब. ऑनलाइन मागवलेलं मॉन्स्टेराचं रोप (मोठ्या, चिरा पडलेल्या पानांचं शोभेचं झाड) २,४५०, कुरिअर २८०, 'रेस्क्यू किट' १,६५० आणि 'ग्रीनहाऊस रिकव्हरी'ची म्हणे परत मिळणारी अनामत १,२००. एकूण ५,५८० रुपये. सगळे यूपीआयने, दर वेळी स्वतःच्या हाताने पिन दाबून. सोसायटीतले लोक ज्याच्याकडे मनी प्लांटची पिवळी पानं घेऊन येतात, त्या माणसाचा हा हिशेब आहे. हसा.

फोटो दाखवून दुसरंच रोप पाठवण्याचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. इथे रोप फोटोतलंच आलं. आठ इंची कुंडी, सात पानं, त्यातल्या चारांना छान चिरा पडलेल्या. तिसऱ्या दिवशी देठ वाकले आणि पानं कुंडीच्या काठावर लोळली. विक्रेत्याला फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "रूट शॉक आहे दादा, आमचे प्लांट डॉक्टर बघतील."

डॉक्टरांनी समोरून एक फोटो मागितला, पिनकोड विचारला आणि किट आज पाठवू की उद्या, एवढंच विचारलं.

माती ओली आहे की सुकी, हे विचारलंच नाही! पान लोळलं की पहिला प्रश्न हाच, आणि दुसरा कुंडी जड आहे की हलकी हा. याशिवाय कुणी निदान सांगत असेल तर तो झाड बघत नाहीये, तुमचं पाकीट बघतोय. हे मी दहा जणांना सांगितलं असेल. त्या दिवशी कुंडी हातात होती, दगडासारखी जड होती, आणि मी किटचे पैसे पाठवत होतो.

माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की प्रवासाचा धक्का ही थाप नसते. तीन-चार दिवस अंधाऱ्या खोक्यात राहिलेलं रोप आठवडाभर मलूल राहू शकतं. म्हणून विश्वास बसला.

किटमध्ये तीन बाटल्या. एकीवरही उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, किती मिली ते नाही, छापील किंमत नाही. असलं काही घरी आलं तर झाकणही उघडू नका. पहिली मातीत ओतली की फेस यायचा. डॉक्टर म्हणे, "फेस आला म्हणजे औषध लागू पडतंय." कसलं लागू पडतंय! ते हायड्रोजन पेरॉक्साइड असणार. कुजक्या मातीवर ते फेसाळतंच, आणि केमिस्टकडे पन्नासच्या आत मिळतं. दुसरीत पांढरे खडे, बहुधा एप्सम सॉल्ट. मॅग्नेशियम कमी पडून जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा आला तर त्याचा उपयोग, लोळलेल्या देठाला शून्य. तिसरी काळपट, समुद्री शेवाळाच्या वासाची. डोस दर तिसऱ्या दिवशी २०० मिली, पंधरा दिवस. भर जुलैत, नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), जिथे एकदा घातलेलं पाणी आठ-दहा दिवस सुकत नाही.

खालची दोन पानं पिवळी पडली, तेव्हा झाड ग्रीनहाऊसमध्ये नेऊन बरं करायला म्हणून १,२०० ची अनामत आणि "उद्या पिकअप येईल". पिकअप आलं नाही. तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

मग कुंडी उपडी केली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आत रोप नव्हतंच. दोन-तीन डोळ्यांची (डोळा म्हणजे खोडावरचा पान आणि मूळ फुटणारा सांधा) तीन छाटं एकत्र खोचलेली होती, खाली बुळबुळीत तपकिरी टोकं आणि गटारासारखा वास. पांढरं मूळ एकही नाही. मॉन्स्टेराचं खोड जाड असतं, प्लास्टिकखाली दमट हवेत ठेवलं तर मुळांविना काही दिवस ताठ राहतं. तेवढ्यात फोटो काढायचा आणि विकायचं.

तुमच्याकडचं झाड लोळलं असेल तर बोट दोन इंच आत घाला. माती कोरडी, कुंडी हलकी, पानं पातळ लागताहेत: तहान आहे. अर्धा तास बादलीत बुडवा, दिवसभरात उठतं. कोकोपीट पार सुकलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं, म्हणून बुडवायचं. माती ओली आणि तरी पान लोळलेलं: बहुधा मुळं कुजली आहेत. मग पाणी बंद, खत बंद, टॉनिक तर मुळीच नाही. कुजकी मुळं पाणी उचलत नाहीत आणि खतातले क्षार ते आणखी अवघड करतात. ब्लेड स्पिरिटने पुसून पांढरा, कडक गाभा दिसेपर्यंत कापा, डोळा मात्र राखा. कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांची मिश्र पावडर लिटरला २ ग्रॅम, दहा मिनिटं बुडवून तासभर सावलीत सुकवा. हातमोजे घाला. मग स्वच्छ पाण्यात किंवा ओलसर मॉसमध्ये (सुकवलेलं शेवाळ). मुळं दोन इंच झाली की चार इंची कुंडी, आठ इंची नाही.

आता पोलीस ठाणं. पहिल्या टेबलावर "झाड आलं ना? मग फसवणूक कुठे?" दुसऱ्यावर "हा दिवाणी मामला". तिसऱ्यावर एकाने फोटो पाहून बायकोच्या तुळशीचं काय करायचं ते विचारलं. सांगितलं. तरी तक्रार घेतली नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पेमेंट ॲपवरची तक्रार दोन दिवसांत 'निराकरण झाले' म्हणून बंद. कुणाचं झालं निराकरण? मुळं नसलेली छाटं रोप म्हणून विकली, पत्ता नसलेल्या बाटल्या विकल्या, अनामत गिळली, तरी मामला दिवाणी. ५,५८० ऐवजी पाच लाख अठ्ठावन्न हजार असते तर खुर्ची तरी दिली असती.

पैसे गेले की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी चार दिवस घालवले. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधी काढा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्याने ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. माझी तिथे गेली आहे. आणि विकत घेण्याआधी रोप कुंडीतून उपसून मुळं दाखवणारा व्हिडिओ मागा. खरा नर्सरीवाला कुरकुरेल, पण पाठवेल.

तीनपैकी दोन छाटं टाकून द्यावी लागली. तिसरं लोणच्याच्या बरणीत आहे, एकोणिसाव्या दिवशी एक मूळ फुटलंय, नखाएवढं. काल बहिणीच्या फोनवरून त्या विक्रेत्याचं ऑनलाइन पेज उघडून पाहिलं. तोच फोटो, तीच सात पानं, २,४५० वर काट मारून 'पावसाळी सेल १,९९९'.