पाळी बिघडलीय: थायरॉईड की पीसीओएस?
थायरॉईड मंदावणं आणि पीसीओएस (अंडाशय व हार्मोन्सचा बिघाड), दोन्हींत पाळी बिघडते, वजन वाढतं, म्हणून गल्लत होते. थायरॉईड मंदावलं की बऱ्याचदा अंगावरून जास्त जातं, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही. रक्तात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारा हार्मोन) वाढलेला दिसतो. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने. पाळी बहुतेकींची हळूहळू रुळावर येते.

पीसीओएसमध्ये पाळी लांबत जाते, हनुवटीवर राठ केस येतात, मान काळवंडते. ती मान घासून उजळत नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. त्यावरून मुलींना बोलू नका. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारणं चूकच. निदानाच्या २००३च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, वाढलेले अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स), सोनोग्राफीतलं अंडाशयाचं रूप, यांपैकी दोन लागतात, तेही थायरॉईड तपासून झाल्यावर. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जाच. आत गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं.