काळ्या मातीच्या परसबागेत जिप्सम: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

परभणीत आमच्या घरामागची जमीन भारी काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात वाफ्यांत पाणी असे तुंबते की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, म्हणजे माती कामाजोगी सुकत नाही. वांगी-मिरचीची रोपे मूळकुजीने गेली, तेव्हा निचरा सुधारेल या दुकानदाराच्या भरवशावर जिप्समची ५० किलोची पिशवी आणली.

माल चांगला होता. पूड कोरडी, बारीक, गुठळ्या नसलेली आणि वजनाला चोख. निचऱ्यात मात्र काडीचा फरक पडला नाही. जिप्सम टाकण्यापूर्वी फूटभर खोल खड्डा करून तो दोनदा पाण्याने भरला होता, आणि दुसऱ्या वेळचे पाणी तासाला जेमतेम एक सेंटीमीटर उतरले होते; पावसाळा सरल्यावरही तेवढेच उतरले.

चूक मालाची नव्हती, निदानाची होती. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला हटवते, म्हणून ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीला लागू पडते. आमच्या चुनखडीच्या मातीत कॅल्शियमची वाण नाहीच. तिथे पाणी अडते ते भिजल्यावर फुगणाऱ्या चिकणमातीमुळे. हे घरीच पारखता येते, आणि पिशवी घेण्याआधी ते कोणी सांगितले असते तर बरे झाले असते: वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात हलकेच सोडावे, त्याच्याभोवती गढूळ वलय पसरले तर जिप्समचा उपयोग होण्याचा संभव आहे, पण ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले तर पैसे वाचवावेत. आमचे पाणी नितळ राहिले. अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या बहिणीच्या पेल्यात मात्र अगदी ताक झाले, त्यामुळे उरलेली निम्मी पिशवी तिच्याकडे पाठवली. मालाला चार तारे द्यायला हरकत नाही. आमच्या मातीपुरता एकच.

शेजाऱ्यांनी सुचवलेली वाळू टाळली, कारण चिकणमातीत थोडीथोडकी वाळू मिसळली तर ती आणखी घट्ट बसते. दुसऱ्या वर्षी भरपूर कुजलेले शेणखत मिसळून फूटभर उंचीचे गादीवाफे केले आणि कडेने उताराचा चर काढला. यंदा तीन दिवसांची झड उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी वाफ्यात खुरपे चालले. चरातले पाणी कोपऱ्यातल्या केळीला जाते.