‘यदनागिरीहून आलात?’ : यांगूनच्या एका दिवसाच्या टूरबद्दल

डिसेंबर २०१९ मध्ये मी, हे आणि माझी नणंद असे तिघं म्यानमारला जाऊन आलो. यांगून शहर आम्ही एक दिवस गाडी आणि गाईड घेऊन पाहिलं. तिघांचे मिळून ९० डॉलर पडले, जेवण आणि तिकिटं वेगळी. बाकी प्रवासाचं पुन्हा कधीतरी लिहीन. हे फक्त त्या एका दिवसाबद्दल, कारण रत्नागिरीच्या माणसाने तो दिवस कसा मागून घ्यावा हे मला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझं माहेर थिबा पॅलेसजवळचं. थोरला भाऊ त्या राजवाड्यातच शिकला, तेव्हा तिथे सरकारी तंत्रनिकेतन भरायचं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याची राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली, इथे आमची गोष्ट थांबायची. ती गेली कुठे, राहिली कशी, हे शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि पुढे मी स्वतः तीस वर्षं इतिहास शिकवला तरी मलाही सांगता आलं नाही. तिची कबर यांगूनमध्ये आहे असं कळलं तेव्हाच मी जायचं ठरवलं.

म्हणून टूर कंपनीला मी दोनदा मेल करून लिहिलं होतं की बाकी काही राहिलं तरी चालेल, सुपयालतची कबर दाखवा. दोन्ही वेळा ‘होय, नक्की’ असं उत्तर आलं. सकाळी गाडीत बसल्यावर कार्यक्रमाचा कागद हातात मिळाला, त्यात कबर नव्हती. तिच्या जागी रत्नांचं दुकान होतं. मला फार वाईट वाटलं. घरातून निघून कोकण रेल्वे, मुंबई, कोलकाता करत इतक्या लांब आलो होतो ते काही माणकं बघायला नव्हे.

आमची गाईड पंचविशीतली मुलगी. हिरवी लुंगी नेसलेली (तिकडे लोंजी म्हणतात), गालांवर थनाखाचे (उगाळलेल्या लाकडाच्या लेपाचे) गोल पट्टे. मी कागद परत केला आणि का ते सांगितलं. तोवर तिला आम्ही ‘इंडिया’तून आलोय एवढंच माहीत होतं. रत्नागिरी म्हटल्यावर ती पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळली. ‘यदनागिरी?’ ब्रह्मी बोलीत ‘र’चा ‘य’ होतो, रत्नाचं यदना होतं. तिच्या शाळेच्या पुस्तकात हे नाव होतं म्हणाली, पण तिथून आलेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बोलली. दुकान वगळता येणार नाही, पण जेवणाचा तास कापून कबर दाखवते, असं ठरलं.

त्या दुकानात चाळीस मिनिटं गेली. चहा देतात, ट्रे मागून ट्रे काढतात, जबरदस्ती कुणी करत नाही, पण उठूही देत नाहीत. कंपनीने ही अट आधी लिहून कळवायला हवी होती. माझ्या मते ह्या टूरमधली खोट हीच, आणि ती लहान नाही.

तिथून बहादूरशाह जफरच्या दर्ग्यात गेलो. दिल्लीचा शेवटचा बादशहा १८६२ मध्ये रंगूनला, म्हणजे आताच्या यांगूनला, कैदेत वारला. खरी कबर कुठे आहे हे सव्वाशेहून अधिक वर्षं नक्की माहीत नव्हतं, १९९१ मध्ये खोदकाम चालू असताना ती सापडली. तळघरात आहे, वर हिरवी चादर. आपला बादशहा त्यांच्याकडे आणि त्यांचा राजा आपल्याकडे, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. तिथे उभी राहिले तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटेना. ह्यांनी फातिहा वाचणाऱ्या एका वृद्धांजवळ बसून हात जोडले.

सुपयालतची कबर श्वेदगोन पॅगोडाच्या पायथ्याशीच आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट ह्यांची समाधीही त्याच ओळीत. राणीची वास्तू पांढरी, वर निमुळती होत गेलेली. १९२५ मध्ये ती गेली. मंडालेच्या राजवाड्यात तिला पुन्हा राहायला मिळालं नाही. आम्ही फुलं नेली नव्हती. गाईडने रस्त्यावरून मोगऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांची माळ आणली आणि मला वाहायला दिली. मग तिने हळूच विचारलं, तिकडे राजाच्या कबरीवर कुणी फुलं घालतं का?

मी खरं तेच सांगितलं. रोज नाही. शिवाजीनगरला समाधी आहे, धाकटी राणीही तिथेच आहे, २०१२ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन दर्शनाला येऊन गेले, पण एरवी कुणी फारसं फिरकत नाही. थोरली राजकन्या मात्र आमची होऊन राहिली, इथेच संसार केला, इथेच गेली. हे तिला माहीत होतं. टिळक रत्नागिरीत जन्मले आणि थिबा रत्नागिरीत असतानाच ते १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, हे तिला नवीन होतं. तिने वहीत लिहून घेतलं, ‘टिळक’चं स्पेलिंग दोनदा विचारून.

जेवणाचा तास गेला तो बरंच झालं. रस्त्याकडेच्या छोट्या बाकांवर बसून मोहिंगा खाल्ली. माशाच्या दाट रश्श्यात तांदळाच्या शेवया, थेट आपल्या शिरवाळ्यांसारख्या, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी मासा, गवती चहा आणि केळीचा गाभा. वर कुरकुरीत भजी चुरून घालतात. नणंद मालवणची, तिने दोन वाट्या संपवल्या. शेजारी दुकानवाली बाई थनाखा उगाळत होती. लाकडाचा तुकडा, गोल दगडी सहाण, कडेने पाणी निथळायला पन्हळ. मनगट फिरवायची तिची पद्धत अगदी माझ्या आईची, देवाचं गंध उगाळतानाची. लाकूडही सालीच्या बाजूने उगाळतात, म्हणून लेप पिवळट येतो. तिने माझ्या गालाला बोट लावलं, गार वाटलं, वाळल्यावर कातडी जराशी ताणली.

चार वाजता श्वेदगोन. परदेशी माणसाला तेव्हा १०,००० च्यात (तिकडचं चलन) तिकीट होतं. गुडघे झाकलेले हवेत आणि मोजेसुद्धा काढावे लागतात, त्यामुळे दुपारी जाऊ नका, फरशीने पाय भाजतील. मुख्य स्तूप सुमारे ९९ मीटर उंच आहे, आणि उन्हं कलली की सोन्याचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. सभोवार वारांप्रमाणे, प्रत्येक वाराचा एक प्राणी धरून, आठ जागा आहेत, कारण तिकडे बुधवारचे दोन भाग धरतात, सकाळचा सुळेवाला हत्ती आणि दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा. आपण जन्मलो त्या वाराच्या मूर्तीवर पाणी घालायचं. मी गुरुवारची, माझा उंदीर. गणपतीच्या माणसाला हे फार जवळचं वाटलं.

कळसावर १८७१ मध्ये मंडालेहून छत्र आलं होतं, मिंडॉन राजाने पाठवलेलं. मिंडॉन म्हणजे थिबाचा बाप. गाईड म्हणाली, ‘तुमच्या राजाच्या वडिलांनी पाठवलं होतं.’ तुमच्या राजाच्या. मी वर बघत राहिले.

जाणाऱ्यांनी सुपयालतचं नाव कार्यक्रमात लेखी घ्यावं आणि दुकान आहे का ते आधीच विचारावं. आणि रत्नागिरीच्या समाधीचा एक मोठा फोटो छापून न्यावा. माझ्याकडे फोनमध्ये होता, गाईडने तो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला, पण त्यावर कोरलेलं काही तिला वाचता आलं नाही.