कुमार विज्ञानकादंबरीच्या ‘संपादना’चे ६९,००० रुपये

मुलांसाठी विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणाऱ्या आणि खेड्यात राहून प्रकाशक शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून नाचक्की पत्करून लिहीत आहे. संपादन, चित्रे आणि प्रकाशन या नावाखाली माझ्याकडून एकूण ६९,००० रुपये उकळण्यात आले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मी माझा माल ४,१०० रुपये क्विंटलने विकला होता. त्या हिशेबाने जवळजवळ सतरा क्विंटल सोयाबीन फोनवरच्या एका गोड आवाजाने उचलून नेले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झालो. आमच्या गावापासून लोणार दूर नाही, आणि त्या सरोवराच्या तळाशी सापडलेल्या एका यंत्रामुळे चार मुलांचा मंगळाशी संपर्क होतो, अशी माझी कादंबरी होती. मोठ्या शहरांतील नामांकित प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवले, तर कित्येक महिने पोचही येत नाही. अशा वेळी पुण्याचा पत्ता देणारी एक ‘प्रकाशनसंस्था’ आपण होऊन फोन करते, ‘गुरुजी, कुमारांसाठी असे लेखन विदर्भातून येतच नाही’ असे म्हणते, आणि ग्रंथालयांसाठीच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीत पुस्तक लावून देण्याची हमी देते, तेव्हा माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने विश्वास ठेवलाच असता.

हप्ते असे गेले : संपादनाचे १४,५००, मुखपृष्ठ आणि आतील चित्रांचे ११,०००, आयएसबीएनचे (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे) ३,२००, कॉपीराइट नोंदणीचे ४,५००, तीनशे प्रतींच्या छपाईची अर्धी रक्कम २७,००० आणि शासनमान्य यादीच्या ‘प्रक्रिये’चे ८,८००. भारतात आयएसबीएन विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते आणि लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, आणि नोंदणी केली नाही तरी १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क लेखकाचाच असतो. हे मला आता पाठ झाले आहे.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो संपादन-अहवालाच्या आठवणीने. छपाईचा हप्ता देण्यापूर्वी तो अहवाल माझ्या हाती आला होता. त्यात स्वच्छ लिहिले होते की ‘लोणारच्या ज्वालामुखीचे वर्णन प्रभावी आहे’. लोणारचे विवर उल्कापाताने झाले, बेसॉल्ट खडकातले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे, हे आमच्या भागात सहलीला जाऊन आलेले पाचवीचे पोर सांगते. माझ्या हस्तलिखितात तर त्यावर अख्खे प्रकरण होते. त्याच अहवालात पुढे ‘राजकन्येचे पात्र अधिक ठसठशीत हवे’ अशी सूचना होती. माझ्या कादंबरीत राजकन्या नाही. राजा नाही, राजवाडाही नाही. मी त्याच संध्याकाळी फोन केला, तर ‘टंकलेखकाने दोन फायली एकत्र केल्या, गुरुजी’ असे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी मी २७,००० रुपये पाठवले. सोंगणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, मळणीयंत्राचा नंबर लागत नव्हता. अशा धांदलीत माणूस अहवाल कितीदा वाचणार? पण त्या एका ओळीपाशी थांबलो असतो, तर पुढचे ३५,८०० रुपये वाचले असते, हा हिशेब मला रात्री झोपू देत नाही.

तीनशेऐवजी पंचवीस प्रती आल्या. मुलांच्या संवादात मी वऱ्हाडी बोली मुद्दाम ठेवली होती. या संपादकांनी ती ‘शुद्ध’ करण्यासाठी संगणकाला ‘माय’च्या जागी ‘आई’ घालायला सांगितले असावे, कारण छापील पुस्तकात नायिका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ‘आईक्रोस्कोप’मधून पाण्याचा थेंब पाहते. मंगळाकडे निघालेला रेडिओ संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. माझी पात्रे मात्र शेजारच्या वावरातल्या माणसाशी बोलावे तशी मंगळाशी तत्काळ बोलतात, हे पुस्तक वाचून सातवीतल्या एका मुलीने मला सुनावले. कुमारांच्या विज्ञानकथेचे संपादन म्हणजे कथेने घालून घेतलेले नियम कथा पाळते की नाही हे तपासणे होय, आणि त्याचेच मी १४,५०० रुपये मोजले होते. कोणत्याही संपादकाला पैसे देण्याआधी त्याच्याकडून दहा पाने संपादित करून घ्या, आणि कथेतला एखादा बारकावा फोनवर विचारा.

पुस्तकाच्या मागे छापलेला आयएसबीएन मी घरी कागदावर तपासला. तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली, की तिला १० ने पूर्ण भाग जावा लागतो. इथे बाकी ४ उरली. म्हणजे चोराने खोटा आकडा बनवण्याचेही कष्ट घेतले नव्हते. संपादनाच्या पावतीवर जीएसटी आकारलेला होता, पण पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता; असा क्रमांक नसलेली पावती आली तर पुढचा रुपया देऊ नका.

आता यंत्रणेविषयी. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांकही आला. तो घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेलो, तर ठाणेदार म्हणाले, ‘पुस्तक तर मिळालं ना गुरुजी, मग फसवणूक कुठली? हा दिवाणी मामला आहे.’ जिल्ह्याच्या सायबर कक्षाने अर्ज परत त्याच ठाण्याकडे पाठवला, आणि ठाण्याने सांगितले की आरोपीचा पत्ता पुण्याचा आहे, तिकडे जा. नव्या कायद्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, हे मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवून सांगितले, त्यावर ‘तुम्ही शिकलेले असून फसलेच कसे’ असा प्रश्न आला. फसलेल्या माणसाला कायदा माहीत असणे हाही इथे गुन्हाच असावा. बँकेत सांगितले गेले की पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवले, आमचा संबंध नाही. शासनमान्य यादीसाठी असे कोणते शुल्क असते का, हे एका सरकारी कार्यालयात विचारले, तर ‘नसते’ असे तोंडी सांगितले. तेच लेखी मागितल्यावर साहेब दौऱ्यावर गेले, ते माझ्यापुरते अजून दौऱ्यावरच आहेत.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. पहिले पुस्तक काढायचे असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे, मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहे. तिथे वाट पाहावी लागते.

तो माणूस आता नव्या नावाने ‘बालकुमार लेखकांसाठी सुवर्णसंधी’ अशी जाहिरात करत आहे आणि नमुन्यादाखल त्याने माझ्याच पुस्तकाचे मुखपृष्ठ लावले आहे. ज्यांच्या संपादन-अहवालात तीच राजकन्या आली असेल, त्यांनी तो अहवाल, पावत्या आणि यूपीआय व्यवहारांचे क्रमांक पुसून टाकू नयेत, आणि उरलेला हप्ता आजच थांबवावा.