आधी बंगले की आधी सोसायटी? पुण्यात बागेच्या देखभालीचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

बाणेर, औंध, कोथरूड भागात लॉन आणि बागेच्या देखभालीचं काम भरपूर आहे, पण ते करणारेही कमी नाहीत. सायकलवर फिरणारे माळी आहेत, लँडस्केपचं काम मिळावं म्हणून सुरुवातीचे काही महिने देखभाल फुकट देणारे नर्सरीवाले आहेत, शिवाय सुरक्षा आणि सफाईबरोबर माळीही पुरवणाऱ्या मोठ्या एजन्सी आहेत. अशा ठिकाणी नवख्यापुढे दोन वाटा असतात: सोसायटीचा महिन्याचा ठेका घ्यायचा, किंवा बंगल्यांना आठवड्याची भेट द्यायची. भांडवल कमी असेल तर आधी बंगलेच धरावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिलं कारण पैशाचं. सोसायटीत माळी रोज लागतो आणि त्याचा पगार महिना संपताच द्यावा लागतो. तुमचं बिल मात्र कमिटीची सही होईपर्यंत पडून राहतं. समजा दोन माळी आहेत आणि प्रत्येकाला 16,000 रुपये पगार आहे. तीन महिने बिल अडकलं, तर 96,000 रुपये तुमच्या खिशातून जातात. त्यात खाडा आलाच. साप्ताहिक सुट्टी आणि रजेच्या दिवशीही कमिटीला बागेत माणूस दिसायला हवा असतो, म्हणून बदली माळ्याची रोजची मजुरी कोटेशनमध्ये आधीच धरावी. बहुतेक नवे ठेकेदार पगारावर दहा टक्के चढवून दर देतात. पेट्रोल, खत, पात्यांची धार आणि मशीनची झीज या दहा टक्क्यांत बसत नाही, आणि पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत ठेका तोट्यात जातो.

बंगल्यांचं गणित वेगळं. एक माळी दिवसाला अडीच-अडीच तासांच्या दोन भेटी नीट करू शकतो. सहा दिवसांत बारा बंगले होतात. बंगल्यामागे महिन्याला 2,500 रुपये धरले तरी 30,000 जमा होतात, आणि एक गिऱ्हाईक सुटलं तर बाराव्या हिश्श्याचाच फटका बसतो. मात्र हे बंगले तीन किलोमीटरच्या आत हवेत. एक पाषाणला आणि दुसरा कोंढव्याला असेल, तर दुसरी भेट रस्त्यातच संपते. म्हणून गल्ली धरून काम मिळवा: मंगळवारी ज्या बंगल्यात जाता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांना मंगळवारच्याच भेटीसाठी थोडा कमी दर द्या.

बंगल्यांची खरी अडचण पाण्याची. आठवड्यातून एकदा येणारा माळी एप्रिल-मेमध्ये लॉन जगवू शकत नाही. उन्हाळ्यात हिरवळीला दोन-तीन दिवसांआड पाणी लागतंच. ते कोण देणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. ठरलेल्या वेळी आपोआप पाणी सोडणारा टायमर बसवायचा ठरला तर आधी पाण्याचा दाब बघा. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेच्या) बऱ्याच टायमरना साधारण अर्धा बार, म्हणजे पाच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. एकच मजला उंचावरच्या टाकीतून तो मिळत नाही. टायमर चालू दिसतो, पण व्हॉल्व्ह उघडत नाही आणि चार दिवसांत लॉन पिवळं पडतं. तिथे कमी दाबावर चालणारा बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा. बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत एसटीपीचं, म्हणजे तिथेच शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं, म्हणून टंचाई कमी भासते. पण गाळ नीट निघाला नसेल तर ड्रिपर (ठिबकची तोंडं) तुंबतात. फिल्टर दर आठवड्याला धुवावा.

मशीनची निवडही कामावर ठरते. हजार चौरस फुटांच्या लॉनला 32 ते 38 सेंटिमीटर रुंदीचं विजेवरचं, आडवं पातं फिरवून गवत कापणारं रोटरी मशीन पुरतं. वायर लांब आणि गवत ओलं असतं, म्हणून आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या जागी ते लावूच नये. सोसायटीच्या दहा हजार चौरस फुटांना पेट्रोलचं 40 सेंटिमीटरचं मशीन दीड-दोन तास घेतं. निव्वळ ब्रशकटरवर (दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्रावर) तेच काम रेंगाळतं, कापही खालीवर येतो. ब्रशकटर कडांसाठी ठेवावा. तो चालू असताना 15 मीटरच्या आत माणूस किंवा गाडी नको; उडालेल्या खड्याने काच फुटली तर भरपाई तुमच्याकडेच मागतात. नायलॉनची दोरी झाडाच्या खोडाला लागू देऊ नये. साल गोल सोलली गेली की कोवळं झाड काही महिन्यांत वाळतं. प्रत्येक झाडाभोवती फूटभर आळं मोकळं ठेवलं की हा धोकाच उरत नाही.

दर वर्षभराचा एकच ठरवा. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी कापावं लागणारं मेक्सिकन लॉन थंडीत तीन-चार आठवडे थांबतं. कापणीमागे पैसे घेतले, तर डिसेंबरात माळी बसून राहतो. एका वेळी गवताच्या पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. पावसात राहून गेलं म्हणून एकदम खाली उतरवलं की तपकिरी देठ उघडे पडतात आणि तक्रार येते.

करारातून काय वगळायचं, हे सोसायटीत जास्त महत्त्वाचं. दोन इमारतींमधल्या सावलीत लॉन विरळ होणारच. तिथे सावलीत तगणारं मोंडो ग्रास सुचवा, पण हिरवळीची हमी देऊ नका. हुमणी या मातीतल्या अळीने मुळं खाल्ली की जुलै-ऑगस्टमध्ये लॉन सतरंजीसारखं उचललं जातं. ते नव्याने लावण्याचा खर्च वेगळा लिहा. मोठ्या फांद्या तोडायला चेअरमनचा तोंडी होकार पुरत नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते आणि ती सोसायटीने काढायची, असं कलम घाला. कापलेला पाला कोण उचलणार, हेही लिहा.

रोपांच्या विक्रीत बंगले वरचढ ठरतात. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून घाऊक भावात आणलेल्या रोपांवर सरळ नफा मिळतो. सोसायटीत त्याच रोपांसाठी तीन कोटेशन मागवली जातात.

कागदपत्रं दोन्हीकडे थोडीच. दहापेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना पुरते, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट होते आणि सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. सहकारी सोसायटी मात्र एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाचं काम एक लाखाच्या वर गेलं की एक टक्का टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा आयकर) कापते; पॅन दिला नसेल तर वीस टक्के. दोन माळ्यांचा तीन महिन्यांचा पगार बाजूला पडला आणि बदलीला तिसरा माणूस हाताशी आला, की पहिली सोसायटी घ्या. ती बंगल्यांच्याच गल्लीतली असावी आणि करारात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस असावी.