टोपणाच्या आट्यांसाठी ट्रिपल स्टार्ट टॅप आणि डाय: आठ पेनांनंतरचे मत

हाताने पेन घडवताना दांडी आणि टोपण लेथवर उतरवणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा होते ती हे दोन भाग एकमेकांत बसवणारे आटे पाडताना. या कामासाठी मी १२ × ०.८ ट्रिपल स्टार्ट मापाचा (व्यास १२ मिलिमीटर, लगतच्या आट्यांतले अंतर म्हणजे पिच ०.८, आणि एकाऐवजी तीन आटे शेजारी शेजारी) टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडणारे हत्यार, त्याच मापाची, बाहेरून आटे पाडणारी गोल डाय आणि टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या आधारात, बसणारा डाय होल्डर असा संच घेतला. एबोनाइटची (कडक रबराची) पाच आणि ॲक्रिलिकची तीन पेने त्यावर पूर्ण झाल्यानंतर हे मत लिहीत आहे.

ट्रिपल स्टार्टचा आग्रह कशासाठी, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. साध्या ०.८ पिचच्या आट्यांवर एका फेऱ्यात टोपण ०.८ मिलिमीटरच सरकते. म्हणजे ५ मिलिमीटर लांबीच्या आट्यांवरून ते काढायला सहाहून अधिक फेरे द्यावे लागतात, आणि दोन ओळी लिहिण्यासाठी एवढी कसरत कोणीही आनंदाने करणार नाही. पिचच २.४ ठेवली तर फेरे कमी होतील, पण आटे जवळजवळ दीड मिलिमीटर खोल जातील आणि पेनाची आधीच पातळ असलेली भिंत त्यांतच संपेल. एकमेकांशेजारून धावणारे तीन आटे मात्र खोलीला अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतात आणि एका फेऱ्यात २.४ मिलिमीटरची चाल देतात. लीडस्क्रू (हत्यार ठरावीक चालीने सरकवणारा लांब स्क्रू) असलेल्या लेथवर असे आटे एका टोकाच्या हत्याराने, दर वेळी कंपाउंड स्लाइड (हत्यार धरणारा सरकता भाग) ०.८ ने पुढे सरकवून, पाडता येतात; परंतु लहान लेथवर २.४ ची चाल साधणारे गिअर असतीलच असे नाही, आणि खांद्याजवळ, म्हणजे आटे संपून जाड भाग सुरू होतो तिथे, हत्यार वेळेत मागे घेताना हात थरथरतो. माझा तरी थरथरतो.

डाय या संचातील सर्वांत उत्तम वस्तू आहे. तिच्या धारा स्वच्छ आहेत आणि एबोनाइटवर तिने पाडलेले आटे पॉलिश न करताही चकचकीत दिसतात. ज्या भागावर आटे पाडायचे तो नेमका १२ वर न ठेवता ११.९ पर्यंत उतरवावा, तोंडाला उतार द्यावा, चक (काम पकडणारा लेथचा भाग) हाताने फिरवावा आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे जात राहावे. कीस मोकळा होत गेला की डाय अडत नाही. खांद्याला भिडणारे शेवटचे दोन-तीन आटे अर्धवट राहतात, कारण डायच्या तोंडाशी उतार असतो. ती उलटी करून पुन्हा फिरवता येते, पण मी खांद्यालगत १ मिलिमीटर रुंदीची खाच आधीच काढून ठेवणे पसंत करतो. उलटी डाय जुन्या आट्यांत नीट शिरली नाही, तर सगळेच आटे ओरबाडून निघतात.

तक्रार आहे ती होल्डरविषयी. त्याचा सरकणारा भाग दांड्यावर इतका सैल होता, की डाय कांडीला (ज्यातून पेन घडवतो त्या गोल तुकड्याला) टेकताना डोळ्यांना दिसेल एवढी कलत असे. परिणामी पहिल्या पेनाचे आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ पडले, आणि टोपण लावल्यावर दांडीशी एकीकडे फट राहिली. शेवटी मी त्यात पितळी बुश (सैलपणा भरून काढणारी आतली नळी) करून बसवला आणि पुढच्या सात पेनांत ही अडचण पुन्हा आली नाही. मात्र ज्या भागाचे कामच डायला अक्षावर सरळ धरणे हे आहे, तो भाग गिऱ्हाइकाने दुरुस्त करून घ्यावा, ही अपेक्षा मला मान्य नाही.

टॅपच्या बाबतीत नवशिक्याची फसगत होण्याचा संभव आहे, कारण सोबत भोकाचे माप सांगणारी चिठ्ठीसुद्धा नाही. व्यासातून पिच वजा करायची असते, चाल नव्हे. म्हणजे भोक ११.२ चे हवे. २.४ वजा करून ९.६ चे भोक पाडणाऱ्याचा टॅप आत शिरणारच नाही, आणि जोर केल्यास टोपण फुटेल. दुसरी उणीव अशी, की टॅपच्या टोकाचा उतार चार-पाच आट्यांइतका लांब आहे. टोपणाच्या आत भोक पुढे अरुंद होते, तिथे हा टॅप अडतो आणि तळाशी पूर्ण आटे पडत नाहीत. मी टोक पाण्यात वरचेवर बुडवत ग्राइंडरवर घासून आखूड केले. दोन टॅप दिले असते, एक सुरुवातीचा आणि एक तळापर्यंत जाणारा, तर हा खटाटोप वाचला असता.

ॲक्रिलिकसाठी अधिक संयम लागतो. ड्रिलच्या उष्णतेने फुगलेले भोक थंड झाल्यावर किंचित आकसते, म्हणून कांडी पूर्ण निवल्याशिवाय टॅप लावू नये. मी भोकही ११.३ चे ठेवतो. वंगण म्हणून भांड्यांच्या साबणाचे पाणी पुरते. अल्कोहोल असलेले द्रव मात्र टाळावेत, कारण ताण पडलेल्या ॲक्रिलिकला त्यांनी बारीक भेगा जाऊ शकतात. एवढे सांभाळूनही माझ्या एका टोपणाच्या तोंडाशी आट्याचा टवका उडाला. एबोनाइटने असा दगा एकदाही दिला नाही.

ज्यांच्याकडे घट्ट बसणारा होल्डर आधीच आहे, त्यांनी टॅप आणि डाय सुटे मिळत असल्यास तेवढेच घ्यावेत. निबचा पुढचा भाग दांडीत बसवण्यासाठी वेगळ्या, साध्या आट्यांचा टॅप आणि डाय लागतात, ते या संचात नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. शिवाय तीन आट्यांमुळे टोपण तीन जागी लागते, त्यामुळे नक्षीदार कांडीवरच्या रेषा तिन्हींपैकी एकाच जागी जुळतात. तो दोष संचाचा नाही, पण क्लिपची खाच कापण्यापूर्वी मी टोपण तिन्ही जागी लावून पाहतो आणि जुळणाऱ्या जागेवर पेन्सिलीने खूण करतो.